तारली : आपली, मलबारची आणि ओमानची



हिवाळ्यात मंडळाची सहल सलालाला गेली होती तेव्हाची गोष्ट. ताका गावाच्या अलीकडे गाडी थांबवली आणि सगळ्यांनी एकदम नाकाला रुमाल लावले. समोर वाळूवर लांबच लांब चंदेरी गालिचा पसरलेला. जवळ जाऊन पाहतो तर बोटाबोटाएवढे मासे, उन्हात वाळत घातलेले. एक जण म्हणाले सुकट, दुसरे म्हणाले मांदेली, आणि आमच्यातल्या मालवणच्या वहिनींनी एक मासा उचलून, उलटापालटा करून निकाल दिला, "अहो, ही तर तारली!" तेवढ्यात पलीकडून एक उंट आला आणि त्या गालिच्याच्या कडेचा घास घेऊन शांतपणे चघळू लागला. मासे खाणारा उंट पाहिल्यावर बच्चेकंपनीने जे प्रश्न विचारले त्यांची उत्तरे आमच्यापैकी कोणालाच धड देता आली नाहीत. म्हणून हा लेख.

वहिनींचा निकाल बरोबर होता. ओमानच्या किनाऱ्यावर जिला 'ऊमा' म्हणतात ती, मस्कतमधले आपले मल्याळी शेजारी जिला 'मत्ती' म्हणतात ती, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातली तारली हा एकच मासा आहे. शास्त्रीय नाव सार्डिनेला लॉन्गिसेप्स. 'लॉन्गिसेप्स' म्हणजे लांब डोक्याची. हे नाव १८४७ साली व्हॅलेन्सिएन या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने दिले. दक्षिण केरळात तिलाच 'चाळा' म्हणतात, मंगळूरकडे तुळूत 'बूताई', गोव्यात 'तारलो', अनेक असतील तर 'तारले'. (एकटा तारलो सहसा कोणी विकत घेत नाही, म्हणून कानावर 'तारले'च पडते.) 'पेडवे' हे नाव मात्र थोडे फसवे आहे. कुठे ते लहान तारलीला वापरतात, तर कुठे तारलीच्याच कुळातल्या पण वेगळ्या, जरा चपट्या आणि जास्त काटेरी माशाला. दोन्ही एकाच पाटीत मिसळून येतात, त्यामुळे विकणारीलाही फरक करण्याची गरज वाटत नाही.

ओळखायची कशी? अंग लांबट आणि गोलसर, पाठ निळी-हिरवी, पोट चांदीसारखे. पेडव्याचे अंग दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखे असते, तारली हातात घेतली की गरगरीत लागते. कल्ल्याच्या झाकणाच्या मागच्या कडेला एक ठळक काळा ठिपका, त्याच्या मागे एक फिकट सोनेरी ठिपका आणि तिथून शेपटीकडे जाणारी अगदी पुसट सोनेरी रेघ. ही सोनेरी रेघ ताज्या माशातच दिसते, बर्फात दोन दिवस राहिलेल्या माशात शोधू नये. लांबी साधारण १५ ते २० सेंटिमीटर, फार तर २३.

डब्यात मिळणारे सार्डीन ते हेच का, असे आम्हाला बऱ्याच जणांनी विचारले. नाही. इथल्या दुकानांत मोरोक्कोहून आलेले जे डबे असतात त्यांतला मासा अटलांटिक समुद्राचा, कुळ तेच पण जात निराळी. चुलत बहीण म्हणा.

वाऱ्यावर जगणारा मासा

तारलीबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही, की तिचे सगळे आयुष्य नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर अवलंबून आहे. आपल्याकडे जून लागला की पावसाची वाट पाहतो तशी तीही पाहते.

होते असे. हे वारे जोरात वाहू लागले की किनाऱ्यालगतचे वरचे गरम पाणी बाहेर, खोल समुद्राकडे ढकलले जाते. त्याची जागा घ्यायला खालचे थंड पाणी वर येते आणि येताना तळाशी साठलेले खत, म्हणजे नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट घेऊन येते. उजेड आणि खत एकत्र आले की पाण्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पतींचे पीक येते. त्यातल्या डायटम नावाच्या, काचेसारख्या कवचाच्या वनस्पती हे मोठ्या तारलीचे मुख्य अन्न. तोंड उघडे ठेवून पोहायचे आणि पाणी कल्ल्यांतून गाळून घ्यायचे, हे तिचे जेवण. या गाळणीसाठी तिच्या कल्ल्याच्या कमानीवर अत्यंत बारीक दाते असतात. कमानीच्या नुसत्या खालच्या भागातच दीडशे ते अडीचशे! साफ करताना कल्ला काढाल तेव्हा एकदा उजेडात धरून पाहा, बारीक फणीसारखा दिसतो.

केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्यावर हे पाणी वर येणे जूनपासून सप्टेंबरपर्यंत चालते आणि नेमक्या त्याच काळात तारली अंडी घालते. एक मादी हजारोंनी अंडी पाण्यात सोडते. पिल्ले बाहेर पडतात तेव्हा ताट वाढलेले असते. ती इतक्या झपाट्याने वाढतात की वर्षभरात १५ सेंटिमीटरच्या आसपास पोचून स्वतः अंडी घालायला तयार होतात. आयुष्य मात्र तोकडे, दोन-अडीच वर्षांचे. म्हणजे आज बाजारात दिसणारी बहुतेक तारली गेल्या एक-दोन पावसाळ्यांतली असते. समुद्रात शिल्लक अशी मोठी नसते. एक पावसाळा बिघडला की पुढच्याच वर्षी परिणाम दिसतो.

आता सलालाकडे या. तिथला जून ते सप्टेंबरचा 'खरीफ' आपण सगळ्यांनी पाहिला आहे. मस्कत भाजत असताना तिथे धुके, रिमझिम आणि हिरवे डोंगर. तो खरीफ आणि आपला पावसाळा हे एकाच वाऱ्याचे दोन अवतार आहेत. दोफारच्या किनाऱ्याला समांतर वाहणारा तोच वारा तिथलेही पाणी बाहेर ढकलतो, खालचे थंड पाणी वर येते, आणि त्या थंड पाण्यावरून दमट हवा गेली की धुके पडते. ज्या थंड पाण्यामुळे आपण सलालाला हॉटेलचे बुकिंग करतो त्याच थंड पाण्यामुळे तिथे तारली आहे! खरीफ ओसरला, समुद्र शांत झाला की हिवाळ्यात मासे किनाऱ्याजवळ येतात आणि वाळूवर ते गालिचे पसरले जातात.

तरीही दोन्हीकडची तारली अगदी एक नव्हे. शास्त्रज्ञांनी केलेल्या तपासणीत ओमानकडची तारली आणि भारताच्या किनाऱ्यावरची तारली यांच्यात जनुकीय फरक सापडला आहे. जात एक, पण घराणी वेगळी. २०२३ साली कोचीच्या केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेने तारलीचा संपूर्ण जनुकीय आराखडा उलगडला, त्यात ४६ हजारांवर जनुकांची नोंद आहे. समुद्र तापत चालला असताना हा मासा कितपत तग धरेल हे समजायला त्याचा उपयोग होणार आहे.

उंट, गुरे आणि इब्न बतूता

मासे खाणाऱ्या उंटाचे नवल वाटणारे आम्ही पहिले नाही. इसवी सनापूर्वी ३२५ मध्ये अलेक्झांडरचा सेनापती निआर्कस सिंधूच्या मुखापासून इराणच्या आखातापर्यंत जहाजे घेऊन गेला. मकरानच्या उजाड किनाऱ्यावर त्याला असे लोक भेटले की जे मासेच खात, माशांचे पीठ करत आणि गुरांनाही सुके मासेच घालत. तिथल्या मेंढ्यांच्या मांसाला मासळीचा वास येतो अशी तक्रारही त्याच्या वृत्तांतात आहे. मार्को पोलोने येमेनमधल्या शिह्र बंदराबद्दल लिहिताना तिथली गुरे, उंट, घोडे लहान सुके मासे खातात असे नोंदवले.

सर्वांत बहारदार वर्णन इब्न बतूताचे. चौदाव्या शतकात तो झफारला, म्हणजे आजच्या सलालाजवळच्या अल बलीदला, आला होता. तिथले भग्न अवशेष आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. तो लिहितो की इथे सार्डीन फार, आणि ते चांगलेच चरबीदार, आणि आश्चर्य म्हणजे इथली जनावरे तेच खातात, असे दुसरीकडे कुठे पाहिले नाही. त्याच गावात त्याला नारळ आणि विड्याची पानेही दिसली आणि त्याला हिंदुस्थानाची आठवण झाली. अनुकूल वारा असेल तर झफारहून कालिकतला महिनाभरात पोचता येते असेही तो सांगतो. म्हणजे ज्या वाऱ्यावर तारली जगते त्याच वाऱ्यावर या दोन किनाऱ्यांचा व्यापार चालत होता.

दोफारच्या डोंगरपायथ्याला आजही कोरड्या महिन्यांत उंटांना आणि गायींना सुकी तारली घालतात. चारा नसतो तेव्हा प्रथिनांचा हा स्वस्त साठा. दुधाला वास येतो का, असे आम्ही तिथल्या एका वृद्ध गृहस्थांना विचारले तर ते नुसते हसले.

माणसेही खातातच. लहान मासे वाळवून केलेला 'काशअ' भातावर लिंबू पिळून खातात, वाळलेल्या माशांची पूडही करतात. बहरीन, कतार, अमिरातीकडे मिळणारा 'महियावा' हा लहान माशांचा आंबवलेला रस, रोटीवर लावून खायचा. आपल्यातल्या ज्यांना सुक्या बोंबलाची चटणी आवडते त्यांनी तो एकदा चाखून पाहावा. इतरांना आम्ही आग्रह करणार नाही.

आपल्याकडेही तारली नुसती खाण्यासाठी नव्हती. ती खूप आली की माडांच्या आळ्यात खत म्हणून जात असे, आणि तिचे तेल काढून होड्यांच्या लाकडाला लावत. मलबारमध्ये तर याचा मोठा धंदा झाला. मद्रास इलाख्यात मासेमारी खात्याचा पाया घालणारे सर फ्रेडरिक निकल्सन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तानूर येथे तेल आणि खत नीट कसे काढावे याचे प्रयोग केले आणि त्या किनाऱ्यावर तेलाचे शेकडो छोटे कारखाने उभे राहिले. इंग्रजांनी तिला 'तेलाची सार्डीन' हे नाव दिले ते उगीच नाही.

रापण आणि इथली दघवा

तारली झुंडीने फिरते, आणि झुंड किनाऱ्याजवळ आली की रंगावरून कळते. दिवसा पाण्यावर तांबूस-काळपट डाग दिसतो, वर पक्षी घिरट्या घालतात. अमावास्येच्या रात्री झुंड हलली की पाणी चमकते. सिंधुदुर्गात यासाठीची पारंपरिक पद्धत म्हणजे रापण. होडीतून जाळे सोडत अर्धवर्तुळ करायचे आणि किनाऱ्यावरून दोन्ही टोके माणसांनी ओढायची. एका रापणीत पन्नास-पन्नास माणसे असतात, आणि मिळालेल्या मासळीचे ठरलेले वाटे होतात. ओढायला हात लावणाऱ्या पाहुण्यालाही कालवणापुरती मासळी मिळते, हा अनुभव आमच्यापैकी काहींनी लहानपणी घेतला आहे.

खोर फक्कान आणि फुजैराच्या बाजूला राहणाऱ्या आपल्या सभासदांनी तिथली 'दघवा' पाहिली असेल. तीच होडी, तेच अर्धवर्तुळ, तीच ओढाओढ, फक्त दोर आता बहुधा गाडीला बांधतात. दोफारमध्येही हीच पद्धत आहे. कोणी कोणाकडून घेतली हे सांगणे कठीण, पण मासा एकच आणि किनारा सारखाच वाळूचा असला की जाळेही सारखेच सुचत असावे.

मोठ्या यांत्रिक होड्या आणि पर्ससीन जाळी आल्यावर चित्र बदलले. पर्ससीन म्हणजे झुंडीभोवती वर्तुळात टाकून खालून बटव्यासारखे आवळायचे जाळे. अख्खी झुंड एका फेऱ्यात. रापणकर किनाऱ्यावर वाट पाहतो आणि झुंड बाहेरच उचलली जाते, हे सिंधुदुर्गातल्या संघर्षाचे मूळ. महाराष्ट्र सरकारने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी अधिसूचना काढून पर्ससीनची मासेमारी सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांपुरती मर्यादित केली आणि परवान्यांची संख्या टप्प्याटप्प्याने १८२ वर आणायचे ठरवले. समुद्रात प्रखर एलईडी दिवे लावून मासे गोळा करण्यावर केंद्र सरकारने २०१७ साली बंदी घातली. कागदावर हे सगळे ठीक आहे. मालवण, देवगडकडच्या वर्तमानपत्रांत मात्र रात्री समुद्रात दिवे दिसल्याच्या बातम्या त्यानंतरही येत राहिल्या.

जाते आणि येते

तारलीचे गायब होणे नवे नाही. १९४०च्या दशकात मलबार किनाऱ्यावरून ती जवळजवळ नाहीशी झाली होती. तेव्हाच्या मद्रास सरकारने १९४३ मध्ये लहान आणि अंड्यांवर आलेली तारली धरण्यावर निर्बंध घातले होते. नंतर ती परत आली. अनेक वर्षे भारताच्या सागरी मासळीत एकट्या तारलीचा क्रमांक पहिला असे.

ताजे उदाहरण केरळचे. २०१२ साली एकट्या केरळात सुमारे ३ लाख ९० हजार टन तारली उतरली. त्यानंतर घसरण सुरू झाली आणि २०२१ मध्ये आकडा आला अवघा ३,२९७ टन. शंभरातली एकही उरली नाही! मच्छीमारांच्या घरांत काय झाले असेल याचा अंदाज करा. गरिबाचे ताट ज्या माशावर चालायचे तोच महाग झाला. त्याच काळात केरळच्या बाजारात ओमानची तारली बर्फात येऊन विकली जाऊ लागली. मस्कतमधले आमचे एक मल्याळी शेजारी सुट्टीवर गेले, तिथे हौसेने मत्ती खाल्ली आणि परत येऊन सांगू लागले की ती इथलीच होती, आणि गावच्या मत्तीची चव तिला नव्हती.

कारण काय? कोचीच्या संस्थेच्या अभ्यासकांनी दोन गोष्टींवर बोट ठेवले. एक, भरपूर मिळत होती त्या वर्षांत ती बेसुमार पकडली गेली, आणि त्यात अंडी न घातलेली पिल्लेही. दोन, २०१५च्या एल निनोच्या सुमारास समुद्र तापला आणि पुढच्या वर्षांचे गणित विस्कटले. निसर्गाचा चढउतार तारलीच्या नशिबी आहेच, पण उतार चालू असताना जाळ्यांनी आणखी ओढले की परत यायला वेळ लागतो.

२०२२ मध्ये केरळात पुन्हा लाखभर टन मिळाली. २०२४च्या चांगल्या पावसानंतर तर इतकी आली की उन्हाळ्यात किलोला चारशे रुपयांपर्यंत गेलेला भाव काही ठिकाणी वीस-तीस रुपयांवर कोसळला. पण मासा लहान होता. आणि लहान मासा माणसांच्या ताटात फारसा जात नाही, तो जातो मत्स्यचूर्णाच्या कारखान्यात, कोळंबीचे आणि कोंबड्यांचे खाद्य बनून. आम्हाला विचाराल तर खरी गोम इथे आहे. अख्खी झुंड भुकटीसाठी विकता येते म्हटल्यावर पिल्ले सोडून देण्यात कोणाला रस राहणार? केरळने २०१५ पासून तारलीसाठी किमान १० सेंटिमीटरची मर्यादा घातली, त्याहून लहान पकडणे गुन्हा. साधारण आपल्या तळहाताची लांबी नसून रुंदी, अंगठा धरून, असा अंदाज ठेवावा.

महाराष्ट्राच्या दृष्टीने एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पूर्वी तारलीचे राज्य मुख्यतः केरळपासून मालवण-रत्नागिरीपर्यंत, त्यातही दक्षिणेला जास्त. १९८०च्या दशकानंतर ती उत्तरेकडे आणि बंगालच्या उपसागराच्या बाजूलाही जास्त मिळू लागली. पाणी गरम होत गेल्याने तिला मानवेल असा पट्टा पसरला, असे अभ्यासकांचे म्हणणे. वरवर आपल्याला हा फायदा वाटतो. तोच गरमपणा आणखी वाढला तर काय, हे कोणी छातीठोकपणे सांगत नाही.

महाराष्ट्राने २०२३ साली पापलेटला राज्यमासा केले. मान्य, देखणा आहे. पण कोकणातल्या किती घरांत रोज पापलेट शिजते?

बाजारात आणि घरात

आता थोडे उपयोगाचे. मत्राच्या बाजारात ऊमा सकाळी लवकर येते आणि लवकर संपते. डोळे स्वच्छ आणि फुगीर, कल्ले लाल, पोट घट्ट असावे. तारलीचे पोट सगळ्यांत आधी फुटते, पोट फुटलेली घेऊ नये. पाऊस संपल्यानंतरच्या महिन्यांत ती सर्वांत तेलकट आणि चवदार असते. अंडी घालून मोकळी झालेली मात्र हडकुळी लागते.

एक धोका इथल्या हवेत विशेष सांगायला हवा. तारली, बांगडा, कुपा या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचा घटक भरपूर असतो. मासा उबेत राहिला की जिवाणू त्याचे हिस्टामीन करतात. असा मासा खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तास-दोन तासांत तोंड लाल होते, डोके ठणकते, अंगावर गांधी उठतात, कधी उलट्या-जुलाब होतात. महत्त्वाचे म्हणजे हे हिस्टामीन तळून, शिजवून किंवा गोठवून जात नाही, आणि वासावरूनही नेहमी कळत नाही. जिभेला मिरीसारखे चुरचुरले तर घास टाकून द्यावा. आमच्याच घरी एकदा हे झाले. मासे गाडीच्या डिकीत ठेवून आम्ही दुसऱ्या दुकानात तासभर रेंगाळलो, बाहेर ४२ अंश. रात्री दोघांना त्रास झाला आणि पुढची दोन वर्षे आम्ही "आपल्याला तारलीची ॲलर्जी आहे" असे सांगत फिरलो. नव्हती. म्हणून बाजारात जाताना बर्फाचा डबा न्यावा, आणि मासे ही खरेदीतली शेवटची वस्तू असावी. कोणाला श्वास घेताना त्रास झाला तर घरगुती उपाय न करता सरळ रुग्णालयात न्यावे.

बाकी हा मासा गुणाचा. हृदयाला हितकर म्हणतात ती ओमेगा-३ स्निग्धाम्ले भरपूर, बारीक काटे चावून खाल्ले तर कॅल्शियम, आणि अन्नसाखळीत खालच्या पायरीवर असल्याने मोठ्या माशांत साठतो तसा पारा यात साठत नाही. यूरिक ॲसिड वाढलेल्यांनी मात्र बेताने घ्यावा.

साफ करायला सोपी. खवले बोटाने उलट्या दिशेने चोळले तरी निघतात. डोके मोडून हलके खाली ओढले की आतडे सोबत येते. दोन पाण्यांनी धुऊन मीठ लावावे.

तारलीचे तिखले आमच्याकडे असे करतात. बारा-पंधरा तारल्यांना आठ-दहा सुक्या लाल मिरच्या, चमचाभर धणे, थोडी हळद आणि मूठभर ओले खोबरे बारीक वाटावे. सात-आठ तिरफळे बिया काढून ठेचावी, वाटू नयेत, कडू होते. (तिरफळ इथे मिळत नाही, ते गावाहून येणाऱ्याच्या बॅगेतूनच येते. एका पुडीवर वर्ष काढायची आम्हाला सवय झाली आहे.) पसरट भांड्यात वाटण, तिरफळ, पाच-सहा आमसुले, मीठ आणि वाटण सैल होईल इतपत पाणी घालून उकळी आणावी, मग तारल्या एका थरात लावाव्या. डाव घालायचा नाही, मासा मोडतो, भांडेच दोन्ही हातांनी धरून हलवायचे. सात-आठ मिनिटांत होते. वरून चमचाभर खोबरेल. गरम भाताबरोबर त्या दिवशी, आणि उरले तर फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी भाकरीबरोबर.

तारली, पेडवे आणि त्यांच्या भावंडांना तुमच्या गावात आणखी काही नावे असतील तर गावाच्या नावासह मंडळाकडे जरूर कळवा. रायगड आणि पालघरकडची नावे आमच्याकडे अगदीच कमी आहेत. पुढच्या वेळी मांदेली.